आखडलेला खांदा मोकळा करताना: टेप, मीटरपट्टी आणि एक भिंत

ब्लाऊज मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथं, घट्ट झाला की हात वर जात नाही. जोर केला तर बगलेत शिलाई उसवते, नाहीतर अख्खा ब्लाऊज अंगावर वर सरकतो. सांगलीत गावभागात मी तीस वर्षं शिवणकाम करते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मुंढा कुठं धरतोय ते मला लांबून दिसतं. पण माझ्याच डाव्या खांद्याचा मुंढा आतून आवळत चाललाय हे कळायला नवरात्रापासून संक्रांत उजाडली.

आधी वाटलं, दिवाळीची शिलाई अंगावर आली. दिवसाला आठ-नऊ ब्लाऊज, डाव्या हातानं कापड पुढं सरकवायचं, मान खाली. दुखणारच. मग रात्रीचं दुखायला लागलं. डाव्या कुशीवर वळलं की खांद्यात सुई मोडून राहिल्यासारखी कळ यायची आणि झोप उडायची. डिसेंबरात वेणी घालताना हात कानापर्यंत जाईना. मिरजेला जाताना बसमध्ये वरचा दांडा धरायला गेले तर हात खांद्याच्या रेषेतच थांबला. तेवढ्यात ब्रेक लागला आणि मी थेट एका बाईच्या मांडीवर. ती म्हणाली, "बसा की मावशी तिथंच."

मधल्या काळात मी तीन उद्योग केले. ते तुम्ही करू नका म्हणून सांगते.

पहिला, हळदीचा लेप. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2018 साली मिळालं, पण आमच्या गल्लीत तिला डॉक्टरकी त्याच्या कितीतरी आधी मिळालेली आहे. महिनाभर लेप लावला. खांदा होता तसाच राहिला आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शिफॉनवर पिवळे डाग पडले, त्याचे पैसे भरले. दुसरा, हात ओढणीच्या झोळीत बांधून ठेवला. आराम मिळेल असं वाटलं, पण पंधरा दिवसांत हात आणखी आखडला. तिसरा सगळ्यात वाईट. एका हाड बसवणाऱ्याकडे गेले. त्यानं "जरा दुसरीकडं बघा" म्हणत हात धरून झटका दिला. त्या रात्री मी बसून राहिले, आणि जेवढा हात वर जात होता तेवढाही पुढं महिनाभर गेला नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. डावा हात दुखतोय म्हटल्यावर त्यांनी आधी ईसीजी काढला, आणि ते बरोबरच होतं. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर व्यायाम शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पडल्यानंतर खांदा दुखत असेल, ताप असून सांधा लाल-गरम झाला असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा हातातली शक्तीच गेली असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, तर हे लिखाण तुमच्यासाठी नाही. आधी तपासून घ्या.

माझा ईसीजी नीट होता, एक्स-रेही स्वच्छ. मग डॉक्टर म्हणाले, "हात सैल सोडा, मी उचलतो." त्यांनाही उचलता आला नाही, आणि त्यावरूनच त्यांनी ओळखलं. स्नायू फाटलेला असेल तर स्वतःला हात उचलत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुतेक वेळा जातो. आखडलेला खांदा कोणीच उचलू शकत नाही. घरच्या घरी आणखी एक बघता येतं: दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायची, हात पुढं काटकोनात धरायचे आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे, दरवाज्याची दोन दारं उघडतात तसे. माझं उजवं दार पुरतं उघडलं, डावं किलकिलं झालं आणि अडकलं. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे अशा आखडलेल्या खांद्यात, हीच हालचाल सगळ्यात आधी जाते.

साखर बघितली. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.9 टक्के. मला मधुमेह आहे हे मला त्या दिवशी खांद्यामुळे कळलं! चाळीस ते साठ या वयात, बायकांना जास्त, आणि साखर किंवा थायरॉईड असणाऱ्यांना तर कितीतरी जास्त प्रमाणात हे दुखणं होतं. जपानमध्ये याला पन्नाशीचा खांदा असंच म्हणतात. मी बावन्नची. बरोबर मापात बसले.

आत काय झालेलं असतं

फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी प्लास्टिकचा सांधा काढून दाखवला. खांदा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला मोठा चेंडू, आणि दोघांना धरून ठेवणारी भोवतीची पातळ पिशवी. हात खाली असताना त्या पिशवीला बगलेत सैल घडी पडलेली असते. हात वर गेला की ती उलगडते. माझ्या पिशवीला आतून सूज आली, मग ती जाड आणि आखूड झाली, आणि ती घडीच गायब झाली.

"म्हणजे बगलेतली माया संपली," मी म्हटलं. आम्ही शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात. ती असली तर ब्लाऊज पुढं कधीही सैल करता येतो. मॅडमना हा शब्द एवढा आवडला की आता त्या दुसऱ्या पेशंटनाही तसंच समजावतात.

मग त्यांनी मला आरशासमोर उभं करून हात वर करायला लावला. हात अर्ध्यात थांबला आणि खांदा मात्र कानाला जाऊन भिडला. घट्ट ब्लाऊज अंगावर वर चढतो तसा. हात सरळ वर, म्हणजे 180 अंश जायला साधारण 120 अंश त्या चेंडूतून यायला हवेत आणि 60 पाठीच्या फऱ्यातून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडातून. चेंडू फिरेना म्हटल्यावर फरा आणि मानेचे स्नायू सगळं काम ओढत होते. म्हणून माझी मान दुखत होती आणि मी मानेला बाम लावत होते.

व्यायामानं काय होतं, तर ही पिशवी जिवंत कापडाची आहे. तिला बेताचा ताण वारंवार दिला की तिचे तंतू हळूहळू लांब होतात, त्या ताणाच्या दिशेनं नव्यानं बसतात. सांधा हलला की आतलं वंगण फिरतं. आणि रोज थोडी थोडी हालचाल बिनधोक झाली की हात उचलायच्या आधीच आवळून बसणारे स्नायू सैल पडायला लागतात. माझं निम्मं दुखणं त्या आवळण्याचं होतं. झटका दिला की मात्र उलटं होतं: सूज वाढते, आणि स्नायू पुन्हा पहाऱ्यावर येतात.

दुखणं मोजायचं कसं

"दुखेपर्यंत करायचं की दुखलं की थांबायचं?" हा माझा पहिला प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा.

आपण सांगलीकरांना हे शिकवायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं यावर आपलं सगळं चालतं: 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. मी तेच खांद्याला लावलं. ताण जाणवतोय, थोडं दुखतंय, तीनपर्यंत आहे, तर खुशाल चालू द्यायचं. चारला इशारा: आहे तिथं थांबायचं, पुढं ढकलायचं नाही. साडेचारच्या वर गेलं की सामान हलवायचं, म्हणजे हात खाली. आणि नुसती पातळी बघून भागत नाही, पाणी उतरतंय किती वेळात तेही बघायचं. व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासात दुखणं पहिल्यासारखं झालं तर मात्रा बरोबर. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं, उद्या निम्मं करायचं. बंद करायचं नाही.

दुसरं, एकदम तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा. मी ते कामाला बांधून टाकलं: सकाळी चहा ठेवल्यावर, दुपारी मशीनवर बसायच्या आधी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, झोपताना. आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. साखर असली तर कातडीला चटका कळत नाही कधीकधी, म्हणून चांगल्या हातानं आधी तपासायची.

आता व्यायाम

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत, रात्रीचं दुखणं जोरात असतं तेव्हा, मला फक्त पहिले दोनच करायला दिले होते. बाकीचे बघूनही करू नका म्हणून दम भरला होता.

पहिला लोलकाचा. 1934 मध्ये या दुखण्याला फ्रोझन शोल्डर हे नाव देणारे बॉस्टनचे सर्जन कॉडमन, त्यांच्याच नावानं फिजिओवाले हा ओळखतात. कापायच्या टेबलावर चांगला हात टेकवायचा, कमरेतून पुढं वाकायचं, दुखरा हात खाली सोडून द्यायचा. नुसता सोडायचा. बॉबिन दोऱ्याला बांधून लटकवली तर कशी लोंबते, तसा. मग हात हलवायचा नाही. पायावरचं वजन पुढं-मागं करायचं, अंग हललं की हात आपोआप झुलतो. पुढं-मागं, डावं-उजवं, मग लहान गोल. मिनिट-दीड मिनिट. मी पहिले आठ दिवस चुकतच होते, हात खांद्यातून फिरवत होते. मॅडमनी मनगट धरलं आणि म्हणाल्या, "काकू, हा हात अजून तुम्हीच धरून ठेवलाय." तो सोडायला शिकणं हाच त्या आठवड्याचा व्यायाम होता. चक्कर येत असेल किंवा बीपीचा त्रास असेल तर वाकणं बेतानं.

दुसरा मीटरपट्टीचा. पाठीवर उताणं झोपायचं, गुडघे वर. दुखऱ्या हाताचं कोपर काटकोनात, बरगडीला लागून, आणि कोपर व बरगडीच्या मधे एक घडीचा नॅपकिन. तो नॅपकिन पडला की समजायचं, आपण फसवतोय. पट्टीचं एक टोक दुखऱ्या पंजात, दुसरं चांगल्या पंजात. चांगल्या हातानं पट्टी ढकलायची आणि दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर न्यायचा, ते अडकलेलं दार उघडल्यासारखा. अडेल तिथं सुरुवातीला पाच अंक, नंतर वीस अंक मोजेपर्यंत धरायचं. सावकाश परत. दहा वेळा. माझ्या अनुभवात सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगाचा हाच. बघणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही. पण हे दार उघडल्याशिवाय हात वरही नीट जात नाही, कारण पूर्ण वर जाताना दंडाचं हाड थोडं बाहेर वळावं लागतं.

तिसरा भिंतीचा. सगळ्यांना माहीत असतो, आणि बहुतेक जण चुकीचा करतात. मी जुनी टेप भिंतीवर चिकटवली, शून्याचा आकडा बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीला. खाली फरशीवर खडूनं पावलांच्या खुणा केल्या, कारण दोन इंच पुढं उभं राहिलं की आकडा फुगतो आणि आपण उगाच पेढे वाटतो. तोंड भिंतीकडं. बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथं खांदा कानाकडं उचलायला लागला, तिथं तुमचं खरं माप. त्याच्यावरचा आकडा फऱ्याचा, खांद्याचा नाही. तिथं पंधरा-वीस अंक थांबायचं आणि उतरतानाही बोटांनीच उतरायचं, हात धपकन सोडायचा नाही.

भिंतीच्या व्यायामाच्या पहिल्या दिवशी माझा उजवा हात 25 इंचावर आणि डावा 4 वर. दर रविवारी एकदाच मोजून वहीत लिहायचे. रोज मोजायचं नाही, रोज मोजलं की रडू येतं. वहीत आहे तसं सांगते: दुसऱ्या महिन्याअखेर 6, चौथ्या महिन्यात 9, पाचव्यात पुन्हा 8 (भाचीचं लग्न, व्यायाम बुडाला), सातव्यात 14. मग एकदम वेग आला. वर्षाच्या शेवटी 21.

चौथा टॉवेलचा, हात पाठीमागं नेण्याचा. हा रात्रीचं दुखणं बसल्यावरच. टॉवेल चांगल्या खांद्यावरून पाठीवर सोडायचा, खालचं टोक दुखऱ्या हातानं धरायचं आणि चांगल्या हातानं वरून हलकेच ओढायचं, फॉल लावताना दोरा ओढतो तेवढंच. इथं इंच मोजत बसले नाही. आधी अंगठा नुसता कुल्ल्याच्या बाजूला पोचायचा. मग परकराची नाडी. मग ब्लाऊजची खालची पट्टी. आतला हुक मागून लावता आला त्या दिवशी मी यांना फोन केला. ते हरभट रोडला बाजारात होते. त्यांना आधी कळेचना की एवढं झालं काय.

दारावर कप्पी टांगून दोरीनं हात वर ओढायचा प्रकारही आहे. मला तो मानवला नाही. हातात दोरी आली की मी ओढायचीच.

ताकदीचे व्यायाम शेवटी, हात बराचसा मोकळा झाल्यावर. आधी भिंतीला मूठ टेकवून नुसतं दाबायचं, हात न हलवता, पाच अंक. मग रबरी पट्ट्यानं ओढायचं. मी पैसे वाचवायला परकराचं एक इंची इलॅस्टिक वापरलं. दोन दिवसांत त्याचा जीव गेला आणि मॅडम हसून हसून बेजार झाल्या. योग्य पट्टा त्यांच्याकडून घ्या, महाग नसतो. आणि दोन्ही फरे मागं-खाली ओढून पाच अंक धरायचं, हे मशीनवर बसल्या बसल्या दर दोन बाह्यांमागं एकदा. हे मी अजून करते.

झोप, कपडे आणि इंजेक्शन

रात्री उताणं झोपत असाल तर दुखऱ्या कोपराखाली चादरीची घडी ठेवा, म्हणजे खांदा मागं लोंबत नाही. चांगल्या कुशीवर झोपत असाल तर दुखरा हात पोटाशी जाड उशीवर. या एका उशीनं मला गोळीपेक्षा जास्त झोप दिली. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना दुखरा हात शेवटी. गाऊन पुढून बटणांचा घ्या. माझ्याकडे अशा बायका आल्या की मी बगलेत छोटा चौकोनी तुकडा जोडून देते, हात उचलायला तेवढीच जागा होते.

इंजेक्शनबद्दल बायका घाबरून विचारतात. मला तिसऱ्या महिन्यात सांध्यात स्टेरॉईडचं एक दिलं. दुखणं काही आठवडे बरंच उतरलं, आणि तेवढ्या मोकळ्या वेळात मीटरपट्टीचा व्यायाम नीट जमला. पण नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर आखडलेपण तसंच राहतं. शिवाय त्यानं काही दिवस साखर चढते, माझी 240 वर गेली होती. आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा. साखर आटोक्यात आणणं हाही खांद्याच्याच उपचाराचा भाग समजा. मी रोज संध्याकाळी घाटावर कृष्णेच्या कडेनं चालायला लागले ते त्यासाठीच.

"आपोआप बरं होतं" असंही कोणी सांगेल. ते अगदी खोटं नाही. एक ते तीन वर्षांत पुष्कळांचं उतरतं. पण काहींना थोडं आखडलेपण कायमचं राहतं, आणि तोवर मान, पाठ आणि झोप यांचं जे व्हायचं ते होतं. मला सगळे मिळून सोळा महिने लागले. डावा हात आता 23 वर आहे, उरलेले दोन इंच मी सोडून दिलेत. बसचा दांडा धरता येतो. माळ्यावरचा गठ्ठा अजून हेच काढतात, पण ती आता सवय झालीय, खांद्याचा दोष नाही.

टेप भिंतीवरच आहे. परवा एक गिऱ्हाईक आलं, लग्नाचे सहा ब्लाऊज. छातीचं माप घेताना मी म्हटलं, "हात वर करा जरा." उजवा हात सरळ वर गेला, डावा अर्ध्यात राहिला आणि खांदा कानाला लागला. ती म्हणाली, "तुमचा मागचा ब्लाऊज मुंढ्यात जरा घट्टच झालाय हो वहिनी." तिनं तेव्हा ब्लाऊज घातलेलाच नव्हता, ढगळ कुर्ता होता. मी टेप गळ्यात अडकवली, तिला भिंतीपुढं खडूच्या खुणांवर उभं केलं आणि विचारलं, "साखर कधी तपासली होती?"